पाण्याचं तोंड

थळ,
१७ मार्च १९५८

केसर,

लिहू नकोस म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही, आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही. पाकिटावरचा पत्ता सगुणाच्या हातचा आहे, तेव्हा माझगावला तू जिच्याकडे राहतेस ती तुझी आत्या काही विचारायची नाही. विचारलंच तर मैत्रिणीने लाडवांची कृती पाठवली म्हणून सांग. सगुणा पत्ता लिहायला तयार नव्हती. म्हणाली, “दादा, तिचा साखरपुडा झालाय.” जसं काही मला माहीतच नाही. त्या दिवशी तुमच्या ओटीवर पानसुपारीचं तबक कोण फिरवत होतं?

आता बातमी. काल तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, त्या रामचंद्राचे मामा, ते भागोजी, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले आणि तिथून बैलगाडी करून आले. गाडीत गोणपाटात गुंडाळलेली काचेची पेटी, आणि मांडीवर रॉकेलचा धुतलेला डबा. डब्याच्या तोंडाला ओलं फडकं. सगळी आळी गोळा झाली. मामांनी फडकं सोडलं तर आत लाल-सोनेरी मासे, दोन-दोन इंचांचे, शेपट्या म्हणजे नऊवारीचा पदर सुटावा तशा. एकवीस. “शकुनाचे आहेत,” मामा म्हणाले. “वैशाखात नवरी सासरी माझगावला येईल तेव्हा एकवीसच्या एकवीस तिच्याबरोबर यायला पाहिजेत. एकही कमी नको.”

तुझी आई म्हणाली, “अहो मामा, आमच्यात मासली घरात आली की सांजच्याला चुलीवर जाते. लग्नापतूर कोन सांभालनार?” सगळे हसले. मग तुझ्या बांनी, धर्मा नाखव्यांनी, गर्दीतून मला हुडकून काढलं.

“हरेश्वरा, कालेजात दोन वरसं मासलीच चिरलीस न्हाय का? आता जिती ठेवून दाव.”

पुन्हा सगळे हसले. केसर, तुला माहीत आहे मी कॉलेज का सोडलं. मुशी मासा चिरताना तो शिकवणारा सगळ्या वर्गासमोर म्हणाला होता की कोळ्याच्या पोराला सुरी धरायला शिकवायला नको, याची आई रोज तेच करते. मी ताट उलटं केलं आणि निघून आलो. तू तेव्हा काय म्हणालीस तेही आठवतं. “तू बरोबर होतास, पण तू बरोबर असलास की दुसऱ्याला उभं राहायलाही जागा ठेवत नाहीस.” त्यावर मी तुझ्याशी दीड महिना बोललो नाही, आणि त्या दीड महिन्यात तुझ्या आत्याने स्थळ आणलं.

असो. नाखव्यांनी पेटी खिडकीजवळच्या बाकावर ठेवली, विहिरीचं पाणी भरलं, मामांनी मासे सोडले. नाखव्यांनी मला विचारलं, “काय रे, एकवीस मावतील ना?”

मी बघितलं. “मावतील,” म्हणालो.

खोटं काही बोललो नाही.

हरेश्वर


थळ,
२१ मार्च १९५८

केसर,

उत्तर नाही. नको देऊस.

तुमच्या घरी जत्रा भरली आहे. मासे तिसऱ्या दिवसापासून वर येऊ लागले. पाण्याच्या अगदी काठावर तोंड लावून उभे राहतात आणि तोंड उघडतात, मिटतात, उघडतात. आळीतल्या बायका बघायला येतात, हात जोडतात. पलीकडच्या नीराबाई म्हणाल्या, “बघ ग वेणू, केसरीचं मासं बोलाय लागलं. नवरीच्या नावानं मंतर म्हनतात.” तुझी आई, वेणूकाकी, इतकी खूश झाली की तिने मूठभर सुका जवळा कुटून वर टाकला. तोंड उघडतायत म्हणजे भूक लागली. दिवसातून चार वेळा टाकते. “खा रे बाबांनो, लेकीच्या सासरचे तुम्ही,” म्हणते.

मी भिंतीला टेकून उभा असतो. आपली माणसं, केसर. ज्यांचे आजे-पणजे जन्मभर मासळी काढत आले, त्यातल्या एकालाही कळत नाही की हे मासे गुदमरतायत. कसं कळणार? आपण मासा तडफडताना बघतो तो होडीत, उन्हात, कोरड्यावर. पाण्यात असून हवेसाठी तडफडणारा मासा आपल्या कुणी कधी पाहिलेलाच नाही.

मी काल टेप लावली. काकीला म्हणालो, जागा बरोबर आहे का बघतो. पेटी चोवीस इंच लांब, बारा रुंद, पाणी चौदा इंच खोल. भागोजीमामांनी हिशेब असा केला होता, त्यांनी जाताना मला समजावून सांगितला, खडूने जमिनीवर मांडून: एवढ्या पेटीत साडेचौदा गॅलन पाणी. एका गॅलनला तीन इंच मासा. म्हणजे साडेत्रेचाळीस इंच. एकवीस दुणे बेचाळीस. वर दीड इंच शिल्लक. “बघितलंस? बरोब्बर एकवीस. देवानेच जुळवलं,” म्हणाले. माणूस खूश होता. मला त्यांना वाईट म्हणवत नाही, तरी म्हणतो.

हिशेब चूक आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक म्हातारे शिपाई होते, बेडूक आणि मासे तेच सांभाळायचे. दोन वर्षांत त्या कॉलेजात खरं शिकवणारा माणूस तो एकच भेटला. ते म्हणायचे, पोरा, पाण्याचं पोट बघू नको, तोंड बघ. हवा वरून उतरते. पेटी विहिरीएवढी खोल केलीस तरी वरचं तोंड तेवढंच असेल तर मासे तेवढेच जगतात. त्यांचा आकडा होता: शेपटी सोडून अंगाच्या एका इंचाला चोवीस चौरस इंच तोंड. या माशांना त्याहून कमी चालत नाही.

आता तू कर. चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोन इंची एका माशाला अठ्ठेचाळीस. भाग दे.

सहा.

एकवीस नाहीत, वीस नाहीत, दहाही नाहीत. सहा. आणि हे मी टेप लावल्यावर ओळखलं असं समजू नकोस. पेटी उघडली तेव्हाच डोळ्यांनी कळलं होतं. नाखव्यांनी मावतील का विचारलं, मी मावतील म्हणालो. टोपलीत मावतात तसे मावतात.

हे तुला एकटीला लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. माझगावचे लोक एकवीस परत मागणार. नसतील तर शकुन मोडला म्हणतील. मोडू दे. मी हात लावलेला नाही. मी फक्त गप्प आहे. गप्प राहणं हा गुन्हा असेल तर तुझ्या साखरपुड्यात तू किती बोलली होतीस?

हरेश्वर


थळ,
२५ मार्च १९५८

केसर,

तीन गेले. मी सकाळी लवकर जातो, काकी चुलीजवळ असते, मी पाण्यावर पडलेला मासा पंच्यात घेतो आणि खाडीत टाकतो. मेल्यावर त्यांचा रंग उतरतो, हे मला माहीत नव्हतं. पोटाकडून पांढरे पडतात.

अठरा उरले आहेत, पण कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुझी आई रोज मोजते. मासे एका जागी थांबत नाहीत, म्हणून रोज आकडा वेगळा येतो. परवा तेवीस आले तर तिने साखर वाटली. काल सतरा आले तर म्हणाली, लपलेत दगडामागं. दगड पोराच्या मुठीएवढा आहे.

एक गोष्ट लिहितो, हसू नकोस. मी पाणी बदलतो. सकाळी दोन कळश्या काढतो, दोन कळश्या ओततो, उंचावरून, म्हणजे हवा मिसळते. ओतलं की मासे घटकाभर खाली जातात, पोहतात, शहाण्यासारखे वागतात. मग परत वर. मला कुणी सांगितलेलं नाही. हात आपोआप कळशीकडे जातो. ते मरावेत म्हणून गप्प बसतो आणि मरू नयेत म्हणून पाणी ओततो. काकीला वाटतं माझ्याइतकं कुणी मन लावत नाही. काल मला पोह्यांची बशी दिली. “हरेश्वरा, तू नसतास तर काय झालं असतं,” म्हणाली. मी पोहे खाल्ले. सगळे खाल्ले.

तू मला ओळखतेस. मी ताट उलटं करणारा माणूस आहे, ताट समोर धरून बसणारा नाही. हे असं बसणं मला जमत नाही. एक ओळ तरी लिही. शिव्या दे. तुला हे लग्न हवं आहे का, एवढं एकच सांग. हवं असेल तर मी उद्या सगळं सांगतो. नको असेल तर आणखी आठ दिवस जातील, आणि सगळं आपोआप संपेल.

सगुणाने आज विचारलं, दादा, तिचं उत्तर येत नाही तर लिहितोस कशाला? मी तिच्यावर ओरडलो. ती रडत बसली, तरी पत्ता तिनेच लिहिलाय.

हरेश्वर


थळ,
२८ मार्च १९५८

केसर,

हे पत्र घाईत आहे.

आज मला पोचायला उशीर झाला. माझ्या बांनी जाळं ओढायला किनाऱ्यावर बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा वेणूकाकी पेटीसमोर जमिनीवर बसली होती, पदर तोंडात घालून. दोन मासे वर तरंगत होते. नीराबाई होत्या, आणखी चारजणी होत्या. आणि मग त्यांनी मोजले. सगळ्यांनी मिळून, बोट काचेला लावून लावून. सोळा.

मला वाटलं होतं, भागोजीमामांना नावं ठेवतील. मुंबईची पेटी, मुंबईचे मासे, त्यांनीच खराब दिले म्हणतील. मी तेवढाच विचार केला होता. केसर, मी खरंच तेवढाच विचार केला होता.

नीराबाई काय म्हणाल्या ते लिहितो, कारण तुझ्यापर्यंत पोचणारच आहे, आणि ते माझ्याकडून पोचलेलं बरं. म्हणाल्या, “सासरचा शकुन माहेरच्या उंबऱ्यात मेला. पोरीचा पायगुनच असा असंल तर पुढं काय.” दुसरी म्हणाली, “पाच गेलं. पाच म्हंजे पाच वरसं.” कशाची पाच वर्षं, कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्या आईने जवळ्याचा डबा उचलून परसात फेकला.

संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर सगळीकडे तेच. नाखवा आज होडी घेऊन गेले नाहीत. दाराशी बसून आहेत. त्यांना कुणी विचारत नाही आणि ते कुणाशी बोलत नाहीत. उद्या हे रेवसला जाईल, परवा लाँचमधून माझगावला.

कुणी म्हणतच नाही की पेटी लहान होती. पेटीत मासे होते, ती भरलेली होती, एवढंच त्यांना दिसलं. मोडायचं ते तुझं लग्न होतं. आणि मोडतंय ते तुझं नाव. रामचंद्राशी मोडलं तरी ते नाव तसंच राहणार. जो कोणी तुझ्या दारात येईल त्याला कुणीतरी सांगेल, हिच्या शकुनाचे मासे मेले. मीही आलो तरी माझी आई तेच म्हणेल.

मी उठून सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे. मी दारात उभा होतो, सहा हा आकडा तोंडात होता. आणि मला वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का गप्प होतास. मग मी कळशी उचलली आणि पाणी आणायला गेलो.

काय करू ते सांग.

ह.


थळ,
१ एप्रिल १९५८

केसर,

तुझं पत्र मिळालं. पहिलं. सगुणाने चुलीजवळ उभं राहून दिलं, तोंड फिरवून. तीनच ओळी आहेत आणि मला त्या पाठ आहेत, तरी परत लिहून काढतो:

“तुझी चारही पत्रं मिळाली. पेटीत किती मासे जगतात ते बांना आजच्या आज सांग. माझं लग्न मी बघून घेईन.”

मी पत्र खिशात घातलं आणि तसाच तुमच्या घरी गेलो.

नाखवा ओटीवर जाळ्याची भोकं शिवत होते. वेणूकाकी आत होती. नीराबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी बघितलं की त्या आहेत, आणि त्या आहेत म्हणूनच तिथे सांगितलं. मी म्हणालो, “नाखवा, त्या पेटीत सहा मासे जगतात. एकवीस घातले तेव्हाच पंधरा मरणार होते. केसरच्या पायगुणाचा याच्याशी काही संबंध नाही. पाण्याला वरचं तोंड कमी आहे, हवा पुरत नाही. तोंड उघडत होते ते बोलत नव्हते, गुदमरत होते.”

नाखव्यांनी सुई जाळ्यात टोचून ठेवली. “तुला कवा कलालं?”

“पहिल्या दिवशी.”

“मी इचारलं तवा?”

“हो.”

“तू म्हनालास मावतील.”

“मावतील म्हणालो. जगतील म्हणालो नव्हतो.”

त्यांनी मला मारलं नाही. मारतील असं वाटलं होतं आणि मला ते चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि फार हळू म्हणाले, “कालेजात ह्योच फरक शिकलास?”

आतून काकी आली. तिने सगळं ऐकलं होतं. “मी त्यांना जवला घालीत व्हते,” म्हणाली. “चार-चार येला. तू भितीला टेकून बघत व्हतास.”

नीराबाईंनी सूप खाली ठेवलं आणि उठून गेल्या. दुपारपर्यंत आळीभर झालं की गुणाजीच्या पोराने, म्हणजे मी, मत्सराने मासे मारले, केसरीवर डोळा होता म्हणून. कुणी म्हणतात पाण्यात काही टाकलं. कुणी म्हणतात कॉलेजातून औषध आणलं. म्हणू देत. तुझं नाव त्यातून निघालं. माझ्या बांनी मला घरात घेतलं नाही, मी सध्या होडीच्या शेडमध्ये आहे.

पण आधी मासे. चौदा जिवंत होते. मी नाखव्यांना म्हणालो, मला आता हाकला, पण त्याआधी लग्नाची मोठी परात द्या. त्यांनी सुई परत हातात घेतली. काकीनेच दिली, दोन्ही पराती आणि ते पसरट घंगाळ. त्यात पाणी चार बोटंच राहतं, पण तोंड बघ, पेटीच्या दुप्पट. सहा पेटीत ठेवले, आठ परातींत वाटले. अर्ध्या तासात सगळे खाली गेले. काकी बघत होती. “आता गप झाले,” म्हणाली. मग काठावर बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “लग्नाच्या परातीत मासं, आनि खायाचं न्हाईत. ह्या घराचं काय व्हनार हाय.” पण आवाज चिडका नव्हता.

तू सांग म्हणालीस ते सांगितलं. आता उरलेलं तुला लिहितो: मी त्या दिवशी मावतील म्हणालो तेव्हा मला आनंद झाला होता. क्षणभर. हे नाखव्यांना सांगितलं नाही.

हरेश्वर


थळ,
१० एप्रिल १९५८

केसर आणि रामचंद्र,

दोघांना लिहितोय. का, ते केसरला कळण्यासाठी कालचं आधी सांगतो. रामचंद्र, तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही होतात. चुकलं तर दुरुस्त करा.

काल दुपारी मी शेडमध्ये होडीला डांबर लावत होतो. एक जाडसर, चष्मेवाला माणूस दारात येऊन उभा राहिला. चपला काढून हातात धरलेल्या, वाळू आत येऊ नये म्हणून. होडीच्या शेडमध्ये वाळू. म्हणाला, “तुम्हीच हरेश्वर?”

“हो. तुम्ही?”

“माशांचा मालक,” म्हणाला. “म्हणजे, रामचंद्र. गोदीत फिटर आहे.”

मी डांबराचा डबा खाली ठेवला. मला वाटलं भांडायला आला. बरं वाटलं. इतके दिवस कुणी सरळ भांडलंच नव्हतं. तर तो होडीच्या कडेला बसला आणि म्हणाला, “माझ्या घरी तीन वेळा पेटी मेली. मामा म्हणायचे पाणी वाईट. मला पटत नव्हतं. ते इंचाला चोवीस चौरस इंच, हा आकडा कुठून आला? की त्या शिपायांचा अंदाज?”

मी उत्तर देणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग लक्षात आलं. नाखव्यांना मी सहा सांगितले होते. चोवीस कुणालाच सांगितले नव्हते. चोवीस फक्त एका पत्रात होते.

“तुम्ही वाचलंत,” मी म्हणालो.

“तिने वाचून दाखवलं. रविवारी मी आत्याकडे जेवायला जातो. आत्या झोपली की.”

“सगळी?”

“सगळी. ते पोह्यांचंसुद्धा.”

मी उठलो. त्याची गचांडी धरायला हात गेला होता. तो जागचा हलला नाही, चष्मा मात्र काढून खिशात ठेवला. “धरा हवं तर,” म्हणाला. “पण आकड्याचं आधी सांगा. मग मला बोलता येईल न येईल.”

केसर, अशा माणसाला कसं मारायचं? मी परत बसलो. सांगितलं. वाळूत बोटाने मांडून दाखवलं. त्याने दोनदा चूक काढली, एकदा त्याची होती, एकदा माझी. थंड दिवसांत एखादा जास्त चालेल का, पसरट पेटी लोखंडी पट्ट्यांची त्याने स्वतः जोडली तर किती चालतील, सगळं विचारलं.

मग मी विचारलं, “ते सहाचं पत्र ऐकलंत तेव्हा काय वाटलं?”

“मी म्हटलं, मोडून टाकू या. मला कुणाच्या मध्ये यायचं नाही. ती म्हणाली, थांबा. हा आपणहून खरं सांगतो का बघू.”

“आणि सांगितलं असतं तर?”

“ते तिने सांगितलं नाही.” त्याने चष्मा परत घातला. “मी विचारलंही नाही. भीती वाटली.”

एवढंच बोलणं झालं. पण तो गेल्यापासून मी तारखा मोजतोय. एकवीस मार्चला मी तुला सहा लिहिले. तू वाट बघितलीस. पंचवीसला तीन मेले, तू वाट बघितलीस. अठ्ठावीसला तुझंच नाव मातीत गेलं आणि मी तुलाच विचारलं, काय करू. तेव्हा तू लिहिलंस. मी सांगितलं ते तू सांग म्हणालीस म्हणून. आपणहून नाही. त्याआधी माझ्याकडे पूर्ण अकरा दिवस होते. मी ते भिंतीला टेकून घालवले.

तू त्याला माझी पत्रं वाचून दाखवलीस याचा राग मला आला आहे आणि तो जाणार नाही. पण बाई माणूस एकाची पत्रं दुसऱ्याला कधी वाचून दाखवते, एवढं मला कळतं. तुला हे लग्न हवं आहे का हे मी विचारलं होतं. उत्तर मिळालं.

आशीर्वाद वगैरे मला जमणार नाही. लग्नालाही मी नसेन. दिघीला खाडीपार नेणाऱ्या तरीवर माणूस हवा आहे, लग्न होऊन तुम्ही निघालात की तिकडे जाईन. सगुणाशी बोलणं ठेव, तिचा यात दोष नाही.

आता कामाचं. रामचंद्र म्हणाले, मामांची समजूत ते घालतील, एकवीस कुणी मागणार नाही. परातींतले आठ मासे मी आणि वेणूकाकींनी मिळून देवळामागच्या तळ्यात सोडले. ती “जपून ऱ्हा” म्हणाली त्यांना. माझ्याशी अजून बोलत नाही. पेटीतले सहा तुमच्याबरोबर येतील. पाणी एका वेळी अर्ध्याहून जास्त बदलू नका. विहिरीऐवजी नळाचं असेल तर एक दिवस उघड्यावर ठेवून मग घाला. दाणा दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच, आणि जवळा नको. उन्हात ठेवू नका. कुणी बाळाच्या वाढदिवसाला, सणाला, प्रेमाने आणखी मासे आणून दिले तर घेऊ नका. वाईट वाटलं तरी.

नेताना मासे घंगाळात न्या, वर जाळीचं फडकं बांधून. डब्यात नको. लाँचमध्ये सावलीत बसा. पेटी रिकामी करून गोणपाटात बांधायची, कोपऱ्यांत पेंढा घालायचा. रेवसच्या धक्क्यापर्यंत ती मी गाडीतून आणून देईन, वाटेत खड्डे आहेत आणि गाडीवानाला काचेचं कळत नाही. लाँचवर मी चढणार नाही. तिथून पुढे तुम्ही दोघं दोन बाजूंनी धरा. रिकामी असली तरी जड आहे.

हरेश्वर